शिक्षकांच्या शिक्षिका : अनुताई वाघ

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी दिलेले भाषण)



आजच्या प्रसंगी दोन शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने मला केली, याबद्दल मी आपला ऋणी आहे. मी एक निवृत्त प्राथमिक शिक्षक. मॅट्रिकपर्यंत शिकलो, अध्यापनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केला आणि उरलेले आयुष्य खडू-फळ्याच्या सान्निध्यात घालवले. व्यासपीठावर ज्या मुलामुलींचा आता गौरव झाला, त्यांच्यापैकी बहुतेकांची विद्या माझ्याहून अधिक आहे. तेव्हा त्यांना उपदेश करण्याचे धाडस मी करणार नाही. जिने शेकडो शिक्षिका घडविल्या, अशा एका शिक्षिकेची ओळख मात्र करून द्यावी, असे मनात आहे. त्या शिक्षिका म्हणजे कै. पद्मश्री अनुताई वाघ.

अनुताईंचे नाव घेताच कोसबाडची टेकडी आणि वारल्यांची मुले डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु त्या टेकडीपर्यंत त्या कोणत्या वाटेने पोहोचल्या, हे पाहिल्यावाचून त्यांच्या कार्याचे मर्म कळत नाही.

अनुताईंचा जन्म 17 मार्च 1910 रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगावचा. वयाच्या तेराव्या वर्षी, 1923 साली, त्यांचे लग्न झाले आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य आले. संसार म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच तो संपला. त्या काळी अशा मुलीच्या वाट्याला घरातला काळोखा कोपरा आणि जन्मभराचे राबणे यांखेरीज काय येत असे, हे आपल्यातील वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. सुदैवाने अनुताईंना माहेरचा आधार मिळाला आणि पाटी-पुस्तक पुन्हा हाती आले. 1929 साली पुण्याच्या अध्यापिका विद्यालयातून शिक्षिकेची परीक्षा देऊन त्या बाहेर पडल्या. चार वर्षे नाशिक जिल्ह्यात चांदवडकडे खेड्यांतून शिकविल्यावर त्या पुण्याच्या हुजूरपागेत रुजू झाल्या. दिवसा मुलींना शिकवावे आणि रात्रशाळेत स्वतः शिकावे, असा क्रम ठेवून 1937 साली त्या मॅट्रिक झाल्या. तेव्हा त्यांचे वय सत्तावीस होते. पदवी तर त्यांनी एक्कावन्नाव्या वर्षी, 1961 साली, संपादन केली. ज्यांचे गुण यंदा मनासारखे आले नाहीत आणि म्हणून जी मुले आज या सभागृहात आली नाहीत, त्यांच्या घरी हे दोन आकडे अवश्य सांगावेत.

मित्रहो, शिक्षकाच्या अंगी प्रेरणा कोठून येते? माझ्या मते ती एका दिव्याने दुसरा दिवा लावावा तशी येते. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी 1920 साली बालमंदिर उभारले. वकिली सोडून ते मुलांत रमले होते. राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद भूषविलेल्या ताराबाई मोडक 1923 साली त्यांच्या कार्यात सामील झाल्या. माँटेसोरीबाईंची पद्धत आपल्या मातीत कशी रुजेल, याचा ध्यास उभयतांना होता. पुढे ताराबाईंनी दादरला शिशुविहार चालविले. परंतु शहरी, खाऊनपिऊन सुखी घरांतील मुलांपुरतेच हे शिक्षण राहावे, हे त्यांच्या मनाला पटेना. 1945 साली बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात अनुताईंची त्यांच्याशी गाठ पडली आणि त्याच वर्षी समुद्रकाठच्या बोर्डी गावी दोघींचे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू झाले. ताराबाई त्रेपन्न वर्षांच्या, अनुताई पस्तिशीच्या. हुजूरपागेतील निश्चिंत नोकरी सोडून अनुताई ज्या वाटेने निघाल्या, ती त्यांनी 1992 साली देह ठेवीपर्यंत सोडली नाही.

बोर्डीस आणि 1957 नंतर कोसबाडच्या टेकडीवर या दोघींनी जे केले, ते सांगावयास सोपे, करावयास फार कठीण. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी म्हणतात ती हीच. 1975 साली शासनाची एकात्मिक बालविकास योजना आली आणि हा शब्द देशभर गेला. गुरे राखणारी मुले कुरणावर असत, म्हणून कुरणावर शाळा भरविली. महागडी साधने परवडत नाहीत, तर खडे, शिंपले, बिया, पाने आणि माती हीच साधने झाली. मुले पारोशी येत, तर पहिला पाठ नाहाण्याचा आणि वेणीफणीचा. आणि हे सारे करू शकतील अशा बालसेविका तयार करण्याचे वर्ग चालविले. ‘बालवाडी कशी चालवावी’ हे त्यांचे पुस्तक अशाच सेविकांच्या उपयोगाचे आहे.

परंतु त्यांच्या ज्या एका योजनेने माझी झोप उडविली, ती विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. कारण काय? थोरल्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असते. ते पाळणाघरात राहील, तरच ती वर्गात बसेल.

येथे मला स्वतःचा एक अपराध सांगावयाचा आहे. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत माझ्या पहिलीच्या वर्गात आठ वर्षांची एक मुलगी होती. कडेवर दीड वर्षांचा भाऊ घेऊन ती येई. तो रडे, वर्गाचे लक्ष उडे. तपासणी जवळ आली होती. मी तिला म्हणालो, “उद्यापासून त्याला घरी ठेवून येत जा.” मुलगी आज्ञाधारक होती. त्याला घरी ठेवता येईना, म्हणून तीच आली नाही. काही दिवसांनी पटावरून तिचे नाव मीच कमी केले. तपासणी उत्तम झाली, शिस्तीबद्दल शेराही मिळाला. पुढे बऱ्याच वर्षांनी ती आपल्या मुलाचे नाव घालण्यास शाळेत आली. “गुरुजी, ओळखलंत का?” एवढेच तिने विचारले आणि अर्जावर सहीच्या जागी अंगठा उमटविला. त्यानंतर केव्हातरी अनुताईंचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ माझ्या हाती पडले. अनुताईंना प्रत्यक्ष पाहण्याचे भाग्य मला लाभले नाही. पण जो प्रश्न मी एका वाक्यात निकालात काढला होता, त्यावर कोसबाडला अख्खी शाळा उभी राहिली होती, हे वाचून मी खाली मान घातली.

सज्जनहो, आता मंडळाला एक विनंती. आपला शिक्षणनिधी परदेशी जाणाऱ्या मुलांना साहाय्य करतो, ते योग्यच आहे. परंतु त्यातील एक लहानसा वाटा बालशिक्षणाचे प्रशिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या भगिनींसाठी दरवर्षी राखून ठेवावा. विधवा व परित्यक्ता भगिनींचा विचार प्रथम व्हावा. दुसरे असे की, या कार्यालयाचे तळमजल्यावरील दालन लग्नसराई सोडली तर सकाळी रिकामे असते. मागच्या वस्तीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची मुले त्या वेळी रस्त्यावर असतात. तेथे पाळण्यासह बालवाडी चालवावी आणि प्रवेश देताना मुलाची जात विचारू नये. फरशी खराब होईल, अशी शंका निघेल. फरशी पुसता येते. पटावरून एकदा गेलेले नाव मात्र परत येत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

मंडळाने अनुमती दिल्यास रोज दोन तास तेथे येऊन बसण्याची माझी तयारी आहे. वेतन नको. त्या मुलीचे माझ्याकडे काही येणे आहे, ते अंशतः तरी फिटेल.