‘राजस’ : शब्दाचा अर्थ आणि व्यवहार

(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



एखादा मुलगा ‘राजस वृत्तीचा’ आहे असे आपण म्हणतो, तेव्हा तो तापट आहे असे बहुधा सुचवावयाचे असते. लावणीतील नायिका प्रियकराला ‘राजसा’ अशी साद घालते, तेव्हा मात्र त्यात कौतुक असते. तुकोबांनी तर विठ्ठलाच्या रूपवर्णनात हा शब्द योजिला आहे. एकाच शब्दाला एके ठिकाणी दोषाचा, तर दुसरीकडे लावण्याचा अर्थ कसा?

लावण्याच्या अर्थामागे राजबिंडेपणाची कल्पना आहे. वृत्तिवाचक अर्थ रजोगुणाशी निगडित आहे. गीतेच्या १४ व्या अध्यायात रजोगुण ‘रागात्मक’ म्हटला आहे. येथे राग म्हणजे क्रोध नव्हे. संस्कृतात राग म्हणजे रंग, ओढ, आसक्ती. ‘अनुराग’ आणि ‘वैराग्य’ याच कुळातील. मराठी बोलण्यात राग संतापापुरता उरला, म्हणून राजस म्हणजे रागीट असा समज सहज होतो.

१८ व्या अध्यायातील राजस कर्ता फळाची इच्छा धरणारा, लोभी, हर्षशोकांनी हेलकावणारा आहे. परंतु तो आळशी नाही. आळस तमोगुणाचा. गावच्या नळयोजनेसाठी तालुक्याला खेपा घालणारा, पण कोनशिलेवर नाव नसल्यास रुसून बसणारा कार्यकर्ता आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याची धडाडी गावाला हवीच असते.

तिचे काय करावे? १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दिलेली गीता-प्रवचने साने गुरुजींनी लिहून घेतली. तमोगुणावर शरीरश्रम आणि रजोगुणावर स्वधर्माची मर्यादा, असे उपाय विनोबांनी तेथे सांगितले. म्हणजे धावणाऱ्याला बसवून ठेवावयाचे नाही. त्याला नेमके, आपले असे काम नेमून द्यावयाचे.

आणखी एक गोष्ट. तिन्ही गुण प्रत्येकात असतात आणि कधी एक, कधी दुसरा वरचढ होतो, असे त्याच १४ व्या अध्यायात सांगितले आहे. म्हणून विद्यार्थ्याच्या प्रगतिपुस्तकात किंवा कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालात ‘राजस’, ‘तापट’ असा कायमचा शिक्का मारणे या विचाराशी विसंगत आहे. त्या एका शब्दावर कोणाची बढती अडते, कोणाचा वर्गातला हुरूप मावळतो. त्याऐवजी कोणत्या प्रसंगी तो कसा वागला, एवढेच लिहावे आणि पुढील वर्षी ते पुन्हा पडताळून पाहावे, अशी माझी आपणांस विनंती आहे.