रुमालाखालचा भाव आणि मोबाईलवरील भाडे



वऱ्हाडातील कारंजा येथील कापूसबाजारास १८८६ साली हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या आदेशान्वये नियम लागू झाले. नियंत्रित बाजाराची या देशातील सुरुवात ती समजली जाते. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडात कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला, १९२७ मध्ये मुंबई इलाख्यात कापूसबाजाराचा आणि १९३९ मध्ये एकूण शेतमालाच्या बाजाराचा. हे कायदे का करावे लागले, हे जुन्या शेतकऱ्यांस सांगण्याची आवश्यकता नाही. दलाल व खरेदीदार रुमालाखाली हातात हात घालीत, बोटे दाबून भाव ठरवीत, आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा राहून नुसता रुमालाची हालचाल पाहत असे. कायद्याने दलालास बाजारातून हाकलले नाही. त्यास परवाना घ्यावयास लावला, बोली उघड करावयास लावली, अडतीचा दर ठरवून दिला आणि वजनमापांवर शिक्का आणला.

टॅक्सी, रिक्षा अथवा दुचाकी मोबाईलवरून बोलाविण्याची जी नवी व्यवस्था गेल्या पंधरा वर्षांत रूढ झाली, तिचा विचार करताना हा जुना इतिहास उपयोगी पडतो. कारण या व्यवस्थेत गाडी कंपनीची नसते व चालकही बहुधा तिचा नोकर नसतो. कंपनीच्या मालकीची वस्तू एकच, ती म्हणजे गाठ घालून देणारे यंत्र. उतारू व चालक यांची भेट घडवून देणे, भाडे ठरविणे, पैसे वसूल करणे व त्यातून आपला वाटा कापून घेणे, हा तिचा व्यवसाय. म्हणजे व्यवहार अडत्याचाच. फरक इतकाच की हा अडत्या दिसत नाही, आणि भाव कसा ठरला ते त्याच्या गणकयंत्राखेरीज कोणासही ठाऊक नसते.

या धंद्यास प्रारंभी ‘सहभागाची अर्थव्यवस्था’ असे गोड नाव मिळाले. घरातील रिकामी खोली पाहुण्यास द्यावी, गाडीतील रिकामी जागा वाटसरूस द्यावी, अशी मूळ कल्पना होती. अमेरिकेत २००८ मध्ये एअरबीएनबी व २००९ मध्ये उबर या कंपन्या निघाल्या. भारतात ओला २०१० मध्ये आली व उबरने २०१३ मध्ये बंगळूरहून येथील कारभार सुरू केला. परंतु कर्ज काढून घेतलेल्या गाडीचे हप्ते फेडण्यासाठी जो मनुष्य दिवसाचे दहाबारा तास रस्त्यावर असतो, तो आपली रिकामी जागा वाटून घेत आहे असे म्हणणे ही शब्दांची ओढाताण होय. तो व्यवसाय करीत आहे. गोव्यातील मोटारसायकल पायलट तर यंत्र येण्याच्या कितीतरी आधीपासून परवाना घेऊन, पिवळाकाळा रंग लावून हा व्यवसाय करीत आले आहेत.

अशा बाजाराचे अर्थशास्त्र थोडे निराळे आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारास गिऱ्हाईक का जाते? विकणारे पुष्कळ असतात म्हणून. आणि विकणारे का जातात? गिऱ्हाईक पुष्कळ असते म्हणून. ज्या यंत्रावर चालक अधिक, तेथे उतारू अधिक. जेथे उतारू अधिक, तेथे चालक अधिक. म्हणून आरंभी कंपन्या दोन्ही बाजूंस सवलती देतात, तोटा सोसतात, आणि एकदा बाजार आपल्याकडे वळला की सवलती आटतात. जो चालक पहिल्या वर्षी इनामांच्या जोरावर हप्ते फेडू शकला, त्याचेच गणित तिसऱ्या वर्षी बिघडते. गाडी मात्र तोवर त्याच्या गळ्यात पडलेली असते, आणि उतारूंनी दिलेले चांगले शेरे दुसऱ्या यंत्रावर नेता येत नाहीत. बाजार बदलावा तर पत शून्यापासून मिळवावी लागते.

मागणी वाढताच भाडे वाढविण्याच्या पद्धतीविषयी लोकांत विशेष रोष आढळतो. तिची बाजूही ऐकली पाहिजे. मुसळधार पावसात बेळगाव अथवा इंदूरसारख्या शहरात भाडे वाढले, तर घरी बसलेले काही चालक बाहेर पडतात आणि ज्यांची निकड कमी ते उतारू थांबतात. अशा रीतीने गाडी अधिक गरजूस मिळण्याचा संभव वाढतो. हा युक्तिवाद खोटा नाही. परंतु त्यास एक अट आहे, ती म्हणजे बाहेर येऊ शकणाऱ्या गाड्या असल्या पाहिजेत. ज्या गावी रात्री एकच गाडी उभी आहे, तेथे भाडे दुप्पट केल्याने दुसरी गाडी उगवत नाही. तेथे ती वाढ म्हणजे केवळ अडलेल्याची लूट होय.

याच भाडेआकारणीवर एक फिर्याद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. यंत्राच्या आडून सर्व चालक संगनमताने भाव ठरवितात, असा तक्रारदाराचा आरोप होता. स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये तो अमान्य केला व १५ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला. भावाबाबत चालकांचा आपसांत करार दिसून येत नाही, असे ठरले. ते यथार्थच होय, कारण चालकास भाव ठरविण्याचा अधिकारच नसतो. परंतु त्यामुळे एक गोष्ट स्पष्ट झाली. हा प्रश्न केवळ स्पर्धेच्या कायद्याने सुटणारा नाही, परवान्याच्या कायद्यानेच त्यास हात घातला पाहिजे.

ती वाट २०१९ मध्ये मोकळी झाली. त्या वर्षी मोटार वाहन अधिनियमात दुरुस्ती होऊन अशा मध्यस्थाची व्याख्या प्रथमच कायद्यात आली व कलम ९३ अन्वये त्यास राज्य शासनाचा परवाना आवश्यक ठरला. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि जुलै २०२५ मध्ये ती नव्याने काढली. पहिल्या तत्त्वांनुसार भाडे मूळ दराच्या दीडपटीपर्यंत वाढविता येत असे. नव्या तत्त्वांत ही मर्यादा दुप्पट झाली आहे. स्वतःची गाडी असलेल्या चालकास भाड्याच्या किमान ८० टक्के रक्कम मिळावी, असे त्यांत आहे. मूळ भाडे ३०० रुपये असेल तर गर्दीच्या वेळी ते ६०० रुपयांच्या वर जाता कामा नये, आणि त्यातील ४८० रुपये चालकाच्या पदरी पडले पाहिजेत. सबळ कारणाविना फेरी रद्द करणाऱ्यास, मग तो चालक असो वा उतारू, भाड्याच्या १० टक्के, पण कमाल १०० रुपये, दंड सांगितला आहे. चालकासाठी किमान ५ लाखांचा आरोग्यविमा व १० लाखांचा मुदतविमाही आहे. तथापि ही तत्त्वे आहेत. मूळ दर ठरविणे व परवाना देणे हे राज्याचे काम असून, राज्याने ते केले नाही तर दुप्पट कशाची मोजावयाची, हा प्रश्न शिल्लक राहतो.

चालकाच्या दर्जाविषयी इतरत्र निराळे निर्णय झाले आहेत. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरच्या चालकांस कामगाराचे हक्क असल्याचे मान्य केले. भारताने मधला मार्ग धरला. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली असून तिच्यानुसार अशा कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के, परंतु कामगारांस दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांपेक्षा अधिक नाही, इतकी वर्गणी त्यांच्या सुरक्षेसाठी द्यावयाची आहे. राजस्थानने २०२३ मध्ये व कर्नाटकाने २०२५ मध्ये स्वतंत्र कायदे केले. बेळगावच्या चालकांस कर्नाटकाचा कायदा जवळचा. कामावरून कमी करावयाचे तर १४ दिवस आधी सकारण सूचना देण्याचे बंधन त्यात आहे. सकाळी मोबाईल उघडावा तो आपले खाते बंद झालेले दिसावे, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना या एका तरतुदीचे मोल उमगेल.

अडतीविनाही हा व्यवहार चालतो का, याचे प्रयोगही झाले आहेत. बंगळुरात नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘नम्मा यात्री’ने रिक्षाचालकांकडून फेरीमागे वाटा न घेता ठराविक रक्कम घेण्याची रीत आणली. गोव्यात २०१८ मध्ये पर्यटन विकास महामंडळाच्या पुढाकाराने ‘गोवा माइल्स’ आली, व तिच्यावरून स्थानिक टॅक्सीमालकांचा दीर्घकाळ विरोधही झाला. त्या विरोधात रोजगाराची भीती होती आणि दराच्या पारदर्शकतेविषयीची नाखुशीही होती. दोन्ही वेगळी करून पाहणे इष्ट.

आज चालकाने करावयाची गोष्ट साधी आहे. अशा कामगारांची नोंद केंद्र शासनाच्या ई-श्रम संकेतस्थळावर होते. त्यासाठी आधार क्रमांक व त्यास जोडलेला मोबाईल लागतो. ज्यांस ती नोंद स्वतः करता येत नाही, त्यांना गावातील शिक्षक अथवा ग्रामपंचायतीचे सचिव साहाय्य करू शकतील. प्रत्येक फेरीत उतारूने किती दिले व हाती किती आले, हे दोन आकडे चालकाने रोज वहीत लिहून ठेवावेत. तक्रारीच्या वेळी कंपनीच्या हिशेबासमोर ठेवावयास तेवढाच पुरावा त्याच्याजवळ असतो.