धाप दम्याची, की हृदयाची?

पुण्याहून भूगाव, भुकूम करीत घाट उतरला की पिरंगुट लागते. एका अंगाला कारखाने, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरे. उन्हाळ्यात राब भाजल्याचा धूर, पावसाळ्यात भिंतींना चढलेली ओल, आणि चूल अजून पेटते त्या घरात बारमाही धूर. मुळशीच्या दमेकऱ्याला हे तिन्ही वैरी ठाऊक आहेत. धाप लागली की घरची माणसे म्हणतात, “म्हातारीचा दमा जुनाच हाय, पाऊस उघडला की बरं वाटंल.” पण प्रत्येक धाप दम्याच्या खात्यावर मांडू नका. कधीकधी ती हृदयाची असते.

दमा म्हणजे श्वासनलिकांना आलेली सूज. ती वर्षानुवर्षे टिकली तर तिची झळ रक्तवाहिन्यांनाही लागत असावी, असे डॉक्टरांना वाटते. अमेरिकेत मध्यम आणि उतार वयाच्या पाच हजारांवर माणसांच्या मानेतील रक्तवाहिन्या तपासल्या. तो अहवाल २०२२ साली प्रसिद्ध झाला. दमा नसलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या वाहिन्यांत चरबीचे थर होते. रोज औषध घ्यावे लागणाऱ्या दमेकऱ्यांत मात्र तिघांपैकी दोघांच्या. म्हणून हृदयविकार होणारच असे नव्हे. पण सावध राहिलेले बरे.

त्यात आपण भर घालतो. दम लागतो म्हणून चालणे सुटते, वजन वाढते, मागोमाग रक्तदाब आणि साखर येते. विडी दोघांचीही वैरीण. आणि मिश्रीतली तंबाखू हृदयाला सोडत नाही. बाजारातल्या ‘रामबाण’ पुडीत कधी स्टेरॉइड मिसळलेले असते. चार दिवस मोकळे वाटते, पण ती पुडी बरेच दिवस घेतली तर रक्तदाब आणि साखर वाढते.

मग ओळखावे कसे? आडवे झाल्यावर धाप लागते, उठून बसले की बरे वाटते, पायांवर सूज येते, तर हृदय तपासून घ्या. छातीत दडपण, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, दरदरून घाम अशी लक्षणे दिसली तर वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.

“पंपाची सवय लागते” म्हणून रोजचा पंप सोडू नका. तो सूज आवरतो. तात्पुरता आराम देणारा पंप वारंवार लागू लागला, तर दमा आटोक्यात नाही असे समजा. पौडच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या दवाखान्यात रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. कुठलेही औषध घेताना आधी सांगा, “डॉक्टर, मला दमा आहे.” रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी दमा उठतो, पण चालू गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

गुरुजी आणि बाई, एक काम तुमचे. खेळताना खोकणाऱ्या पोराला कायमचे बाकावर बसवू नका. पालकांना बोलावून त्याला औषध सुरू करवा, मग त्याला पळू द्या. आज पळणारे पोर उद्याचे हृदय राखते.