उतारवयातील सायकलस्वार आणि दमसास



सायकल हे मोठे प्रामाणिक वाहन आहे. स्वाराच्या पायांत जेवढे बळ, तेवढीच तिची गती. त्यामुळे दीर्घ पल्ल्याच्या सायकलस्वाराला वाढत्या वयाची पहिली वर्दी आरशाआधी चढाकडून मिळते. चाळिशीत एका दमात पार केलेला चोर्ला घाट साठीत दोनदा थांबावयास लावतो. दोनशे किलोमीटरच्या फेरीचा शीण पूर्वी एका रात्रीत उतरे, तो आता तीन दिवस रेंगाळतो. अशा वेळी काही जण सायकल कायमची भिंतीला टेकवून ठेवतात, तर काही जण हट्टाने पूर्वीचाच वेग धरू पाहतात. दोन्ही मार्ग अहिताचेच होत. दमसास का ओसरतो, हे आधी समजून घेतले पाहिजे.

दमसासाचे मूळ प्राणवायूच्या वहनात आहे. फुप्फुसांतून रक्तात आलेला प्राणवायू हृदय स्नायूंकडे धाडते आणि स्नायू त्यावर काम करतात. वय वाढते तसे हृदयाच्या कमाल ठोक्यांची संख्या दरवर्षी सुमारे एकाने घटते. रक्तवाहिन्या ताठर होतात. स्नायूंतील तंतू, विशेषतः जलद आकुंचन पावणारे तंतू, क्षीण होतात; म्हणूनच सपाट रस्त्यावरील चाल टिकून राहते, पण चढावरचा जोर आधी जातो. बैठे जीवन जगणाऱ्या माणसाची प्राणवायू-ग्रहणाची कमाल क्षमता तिशीनंतर दर दशकास साधारण १० टक्क्यांनी कमी होत जाते.

परंतु या ऱ्हासाचा सारा दोष वयाच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. त्यातील मोठा वाटा निष्क्रियतेचा असतो. लंडनचे किंग्ज कॉलेज व बर्मिंगहॅम विद्यापीठ येथील संशोधकांनी ५५ ते ७९ वर्षे वयाच्या १२५ हौशी सायकलस्वारांची तपासणी केली. निवडीची अट सोपी नव्हती : पुरुषांनी १०० किलोमीटर साडेसहा तासांच्या आत, तर स्त्रियांनी ६० किलोमीटर साडेपाच तासांच्या आत पार करावयाचे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या मंडळींचे स्नायू वयाच्या मानाने फारच थोडे झिजलेले आढळले, आणि त्यांच्या रोगप्रतिकारशक्तीची काही लक्षणे तर तरुणांच्या तोडीची होती.

याहून बोलके उदाहरण फ्रान्समधील रॉबर्ट मार्शां यांचे आहे. १९११ साली जन्मलेल्या मार्शां यांनी अग्निशामक दलात नोकरी केली, परदेशांत कष्टाची कामे केली आणि सायकल पुन्हा गांभीर्याने हाती घेतली ती साठी उलटून गेल्यावर. २०१२ साली, वयाच्या शंभरीत, त्यांनी एका तासात २४.२५ किलोमीटर अंतर कापले. त्यानंतर व्हेरोनिक बिला या शरीरक्रियाशास्त्रज्ञ विदुषीच्या देखरेखीखाली त्यांचा सराव सुरू झाला. वर्षाकाठी सुमारे ५,००० किलोमीटर; त्यांतील चार हिस्से हलक्या श्रमाने, एक हिस्सा कसून. २०१४ साली त्यांनी तासाभरात २६.९२७ किलोमीटर अंतर तोडले. त्यांची प्राणवायू-ग्रहणक्षमता १३ टक्क्यांनी वाढली होती. हृदयाचे कमाल ठोके मात्र जवळजवळ पूर्वीइतकेच होते. म्हणजे लाभ झाला तो मुख्यतः पॅडल जलद फिरविण्याच्या क्षमतेत.

पुढे २०१७ साली, १०५ व्या वर्षी, त्यांचे तासाचे अंतर २२.५४७ किलोमीटरवर आले. २०२१ साली वयाच्या १०९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ओहोटी त्यांनाही चुकली नाही. मात्र ती केव्हा लागावी आणि किती वेगाने, यावर त्यांच्या नियमित सरावाची छाप निश्चितच होती.

यातून घ्यावयाचा बोध व्यवहाराचा आहे. सरावाचा बराचसा भाग सहज बोलता येईल इतक्या हलक्या गतीचा असावा. आठवड्यातून एखादा दिवस, प्रकृतीस मानवेल तर, जोराच्या श्रमाचा ठेवावा. कठीण दिवसानंतर विश्रांतीचे दिवस वाढवावेत, कारण स्नायूंची डागडुजी आता सावकाश होते. चढावर जड गिअर रेटण्यापेक्षा हलका गिअर घेऊन पॅडल जलद फिरवावे. सायकल चालविताना शरीराचा भार हाडांवर फारसा पडत नाही. सबब वजने उचलण्याचा थोडा व्यायाम जोडीस हवा. आहारात डाळी, दूध, अंडी वा मासे यांची वाण पडू देऊ नये. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते आणि गोमंतकाच्या दमट हवेत घाम वाळत नाही. तेव्हा तहानेची वाट न पाहता ठरावीक वेळाने पाणी प्यावे.

एक इशारा मात्र कानाआड करू नये. वयाने येणारी घट वर्षांच्या हिशेबाने येते. काही आठवड्यांतच दम तुटू लागला, तर ते वय नव्हे, आजाराची खूण असू शकते. रक्ताची कमतरता, थायरॉइडचा विकार वा हृदयरोग यांची सुरुवात अशीच होते. रक्तदाबावरील काही औषधेही हृदयाची गती रोखून धरतात. छातीत दुखणे, भोवळ किंवा अनियमित ठोके जाणवल्यास तेथेच उतरावे आणि विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे. वर्षानुवर्षे सायकल चालविणाऱ्या माणसालाही हृदयविकारापासून पूर्ण अभय नसते.

पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे १,२०० किलोमीटरची प्रसिद्ध फेरी पुरी करण्यास ९० तासांची कमाल मुदत असते. त्या मुदतीत येणारा प्रत्येक स्वार यशस्वी गणला जातो. तेथे पहिला-दुसरा असा क्रम लावीत नाहीत. उतारवयातील सायकलस्वाराने आपल्या पराक्रमाचे मोजमाप याच रीतीने करावे. विसाव्या वर्षीच्या स्वतःशी शर्यत लावण्यात अर्थ नाही. उद्या सकाळी पुन्हा सायकल बाहेर काढण्याची उमेद शिल्लक राहावी, एवढ्या बेताने आजचा रस्ता पार करावा.