समलिंगी नागरिकांचे हक्क : तुरुंगापासून शिधापत्रिकेपर्यंत
(जालना येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



समलिंगी स्त्रीपुरुषांच्या हक्कांचा विषय निघाला की हा मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू वर्गाचा, किंबहुना पश्चिमेकडून उसना आणलेला प्रश्न आहे, असे चळवळीतील प्रामाणिक माणसेही म्हणतात. कापसाचा भाव, ऊसतोड मजुरांचे स्थलांतर आणि पोलाद कारखान्यांतील कंत्राटी कामगार हे प्रश्न ज्या जालना जिल्ह्यापुढे उभे आहेत, तेथे या विषयासाठी वेळ कोठून काढावा, असा दुसरा आक्षेप असतो. या दोन्ही आक्षेपांची तपासणी झाली पाहिजे.

उसना आणला गेला तो कायदा होय. मेकॉलेच्या मसुद्यातून सिद्ध झालेली भारतीय दंडसंहिता १८६० साली संमत झाली आणि १८६२ पासून अमलात आली. तिच्या ३७७ व्या कलमाने अशा संबंधांना जन्मठेपेपर्यंतची शिक्षा सांगितली. खुद्द इंग्लंड व वेल्समध्ये एकवीस वर्षांवरील पुरुषांचे खासगीतील संबंध १९६७ साली गुन्ह्यातून वगळले गेले. स्कॉटलंडने १९८० साली आणि उत्तर आयर्लंडने १९८२ साली तेच केले. ज्यांनी हे कुलूप येथे लावले त्यांनी आपल्या घरचे काढून टाकले. भारताने मात्र ते २०१८ पर्यंत जपून ठेवले.

या विषयावर मोकळेपणाने बोलण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही विषय होता. १९३४ साली त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. खटला हरला, दंड झाला. परंतु शास्त्रीय ज्ञानाला अश्लील ठरवता येत नाही हा पक्ष न्यायालयात मांडला गेला. पुढे १९८१ साली विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ने हा विषय मराठी रंगभूमीवर आणला.

समाजवाद्यांचा या संदर्भातील इतिहास अभिमानाचा आहे, तसाच लज्जेचाही. जर्मन समाजवादी नेते ऑगस्ट बेबेल यांनी १८९८ साली तेथील संसदेत १७५ वे कलम रद्द करण्याची मागणी केली. रशियन क्रांतीनंतरच्या १९२२ च्या दंडसंहितेत हा गुन्हा नव्हता. स्टालिनच्या राजवटीत, १९३४ साली, तो पुन्हा गुन्हा झाला. क्यूबाने १९६५ नंतर समलिंगी पुरुषांना श्रमछावण्यांत धाडले. त्याच क्यूबात २०२२ साली सार्वमताने समलिंगी विवाहास मान्यता मिळाली. मालकी बदलली म्हणजे माणसाची मुक्ती आपोआप होते, ही समजूत भाबडी आहे, हेच यावरून दिसते.

ही वाटचाल सरळ रेषेत झालेली नाही. नेदरलँड्सने २००१ साली विवाहाचा हक्क दिला. दक्षिण आफ्रिकेने २००६ साली, तैवानने २०१९ साली आणि थायलंडने २०२५ साली. शेजारच्या नेपाळात २०२३ साली न्यायालयाच्या अंतरिम आदेशानंतर अशा विवाहाची पहिली नोंद झाली. उलट युगांडाने त्याच वर्षी काही प्रकारांसाठी मृत्युदंड ठेवला; आणि त्रिनिदादमध्ये २०१८ साली मिळालेले स्वातंत्र्य अपील न्यायालयाने २०२५ साली काढून घेतले. भारतातही दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली दिलेले सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली हिरावले व २०१८ साली परत केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हे कलमच नाही.

तुरुंगाचे भय गेले. व्यवहारातील विषमता राहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता देण्यास नकार दिला. विवाह हा केवळ भावनेचा प्रश्न नसून तो वारसा, निवृत्तिवेतन आणि भविष्य निर्वाह निधी यांचा दरवाजा आहे. समजा, जालन्याच्या एखाद्या रोलिंग मिलमध्ये कामगार अपघातात मेला. वीस वर्षे त्याच्यासोबत संसार केलेला जोडीदार कायद्याच्या दृष्टीने परका ठरतो. बँकेत नामनिर्देशन असले तरी नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारते. मालकी वारसांची राहते. सुखवस्तू जोडपे वकील गाठते, दोघांच्या नावे सदनिका घेते. कंत्राटी कामगाराला हे कोण सांगणार? आणि ज्या स्त्रीच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, जिच्या हाती स्वतःची मजुरीही पडत नाही, तिला नको असलेले लग्न नाकारण्याचे बळ कोठून येणार? म्हणून हा प्रश्न श्रीमंतांचा नव्हे. श्रीमंत त्यातून पैशाने वाट काढतात. गरीब त्यात गुदमरतात.

कार्यकर्त्यांना करण्यासारखे काम येथेच आहे. एकत्र राहणाऱ्या समलिंगी जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एकाच कुटुंबातील मानावे, असे केंद्राच्या अन्न विभागाने २०२४ साली राज्यांना कळवले आहे. संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि जोडीदाराचे नामनिर्देशन करण्यास आडकाठी नाही, हेही त्याच वर्षी स्पष्ट झाले. अंबड, परतूर, भोकरदनच्या तहसील कार्यालयांत अशा अर्जदारासोबत उभे राहणे, ही चळवळीची जबाबदारी आहे. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. दोन साक्षीदार मात्र लागतात. ते दोन साक्षीदार पक्षाच्या शाखेतून मिळाले पाहिजेत. घरातून हाकललेल्या मुलीला रात्रीचा आसरा कोणत्या घरी मिळेल, हे शाखेने आधीच ठरवून ठेवले पाहिजे.

समतेची घोषणा सभेत देणे सोपे असते. तहसीलच्या खिडकीपाशी, लोक हसत असताना, दोघांची नावे एका शिधापत्रिकेवर लिहून घेणे कठीण असते. समाजवादी कार्यकर्त्याची कसोटी त्या खिडकीपाशी लागणार आहे.