वादळ आलं नाही, म्हणून इशारा खोटा?

दुपारची भांडी आवरून जरा पाठ टेकायच्या वेळेला तुम्ही रेडिओ लावता, तेव्हा लांबण लावत नाही. मे महिना संपत आलाय. घरं शाकारून झाली, लाकूडफाटा आत गेला, बेगमीची गडबड चालू आहे. आणि मोबाइलवर दर दोन दिवसांनी कुणी ना कुणी ‘सावधान! मोठं वादळ येतंय!’ असं काहीतरी पाठवतंय. आज बोलायचंय ते या इशाऱ्यांबद्दल. ते खरे किती, उगाच वाढवलेले किती, आणि आपण बायांनी त्यांचं करायचं काय?

परवा आमच्या बचत गटाच्या बैठकीत यावरून चांगलीच जुंपली. आमच्यातली एक काकू ताडकन म्हणाली, “मागच्या वर्षी तुमच्या त्या नारिंगी इशाऱ्यापायी आपण अर्धवट वाळलेली आमसुलं उचलून आत भरली. दोन दिवस कडक ऊन पडलं नि आत आमसुलांना बुरशी धरली. ते पैसे कोण देणार? हवामानखातं?” कुणालाच पटकन उत्तर देता आलं नाही. कारण काकू खोटं बोलत नव्हती. आमसुलं खरंच गेली होती.

मी तेव्हा गप्प बसले, पण रात्री झोप लागेना. कारण मला दुसराच दिवस आठवत होता. 3 जून 2020, बुधवार. निसर्ग वादळाचा दिवस.

आमचं घर श्रीवर्धनच्या बाजूला, खाडीजवळ. मागे सुपारीची वाडी, थोडे नारळ. त्या वेळी करोनाची टाळेबंदी होती, मुंबईची माणसं गावात येऊन राहिली होती. दोन दिवसांवर वटपौर्णिमा आलेली. वादळ येणार हे दोन-तीन दिवस आधीपासून सांगत होते. बंदरावर बावटा चढला, होड्या वर ओढल्या, ग्रामपंचायतीची रिक्षा भोंगा लावून फिरली की कच्च्या घरातल्या माणसांनी शाळेत जा, नाहीतर स्लॅबच्या घरात जा.

माझ्या सासूबाई काही केल्या उठेनात. म्हणाल्या, “अगो, मी सत्तर पावसाळे काढले या घरात. हे दरवेळी असंच ओरडतात. जा तुम्ही, मी घर राखते.” खरं सांगते, माझ्याही मनात तेच होतं. शेवटी शेजारच्या भाऊजींनी त्यांना जवळजवळ उचलूनच आपल्या स्लॅबच्या घरात नेलं. आम्ही मागोमाग गेलो. जाताना हातात काय घेतलं? पाण्याची कळशी, सासूबाईंच्या गोळ्या आणि मोबाइल. बस. म्हटलं, संध्याकाळी परत यायचंच आहे.

दुपारी वारा सुरू झाला. ताशी 110 ते 120 किलोमीटरचा वारा होता, असं नंतर कळलं. तेव्हा आम्हाला आकडा कुठला कळतोय? पत्रे कागदासारखे उडताना दिसत होते, आणि वाडीतून कडाकडा आवाज येत होता. एकेक सुपारी मधोमध मोडत होती. संध्याकाळी घरी गेलो तर अर्ध्या घराची कौलं गेलेली, आणि एक वासा सासूबाईंच्या खाटेवर आडवा पडलेला. त्या खाटेकडे बघत राहिल्या. एक शब्द बोलल्या नाहीत.

माणसं वाचली. पण पडवीत गटाची साठ किलो आमसुलं पोत्यात भरून ठेवली होती, ती भिजून गेली. गटाचं रजिस्टर, बँकेचं पासबुक, सातबारा, सगळ्यांची आधार कार्डं ट्रंकेत होती. ट्रंकेत पाणी शिरलं. पुढे पंचनामे झाले, मदतीचे अर्ज आले, तेव्हा एकेका कागदासाठी किती खेटे घातले ते माझं मला माहीत. वीज यायला कित्येक दिवस लागले. सुपारीचं झाड फळाला यायला सहा-सात वर्षं लागतात, तेव्हा त्या दिवसाचं नुकसान आम्ही अजून भरतोय.

आता बघा, आम्ही इशारा ऐकला की नाही? ऐकला. पण अर्धाच. जीव वाचवण्यापुरता ऐकला, ट्रंक उचलण्यापुरता ऐकला नाही. कारण मनात होतं, ‘हे दरवेळी असंच ओरडतात.’

त्याच दिवशी मुंबईत काय झालं तेही सांगते. टीव्हीवाले आधीचे दोन दिवस मुंबई-मुंबई करत होते. सगळे कॅमेरे चौपाटीवर. वादळ चढलं अलिबागच्या दक्षिणेला, आणि मुंबई बरीचशी वाचली. माझी नणंद फोनवर म्हणाली, “वहिनी, उगाच घाबरवलं गं, इथे काहीच झालं नाही.” म्हणजे एकच वादळ, एकच इशारा. तिच्यासाठी तो वाढवून सांगितलेला आणि आमच्यासाठी कमीच पडलेला.

असं का होतं? वादळ समुद्रावरून येतं, आणि वाटेत दिशा बदलतं, जोर कमीजास्त होतो. उपग्रह आहेत, रडार आहेत, तरी एक दिवस आधी सांगितलेल्या जागेत सरासरी सत्तर-ऐंशी किलोमीटरचा फरक पडतो. दोन-तीन दिवस आधी सांगितलं तर याहून जास्त. आता श्रीवर्धनपासून अलिबाग सरळ रेषेत सत्तरेक किलोमीटर, आणि मुंबई शंभरेक. म्हणजे आदल्या दिवशी कुणालाही छातीठोकपणे सांगता आलं नसतं की मुंबई सुटेल आणि श्रीवर्धन सापडेल. म्हणून सगळ्या पट्ट्याला सांगावं लागतं. त्यातल्या काही गावांना ते फुकटचं वाटणारच.

2019 च्या जूनमध्ये वायू नावाचं वादळ गुजरातवर येणार होतं. लाखो माणसं किनाऱ्यावरून हलवली, आणि वादळ ऐनवेळी समुद्रातच वळलं. लोक चिडले असतील. पण मला सांगा, ते वळलं नसतं तर?

याची दुसरी बाजू ओडिशाची. 1999 च्या ऑक्टोबरमध्ये तिथे महाचक्रीवादळ आलं. सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यानंतर त्या राज्याने किनाऱ्यावर निवारे बांधले, गावागावात माणसं तयार केली, रंगीत तालमी घेतल्या. 2013 मध्ये फायलिन आलं, तेव्हा दहा लाखांच्या आसपास माणसं आधीच हलवली होती. 2019 मध्ये फनी आलं, तेव्हा बारा लाख. वादळं जबरदस्त होती, घरंदारं गेली, पण मृत्यू हजारांत नव्हे, दहांच्या हिशेबात मोजले गेले. आता यात एक गंमत आहे. इशारा ऐकून माणसं हलली की मरत नाहीत. आणि माणसं मेली नाहीत की आपण म्हणतो, “बघा, काही झालं नाही, उगाच घाबरवलं.”

आणि इशारा वेळेत पोचला नाही तर काय होतं, तेही कोकणाने पाहिलंय. 2009 च्या नोव्हेंबरात फयान आलं. कितीतरी होड्या समुद्रात होत्या. कितीतरी घरांतले कर्ते पुरुष परत आलेच नाहीत. त्या घरांतल्या बायकांना विचारा, इशारा जास्त झाला की कमी.

तरीसुद्धा मैत्रिणींनो, काकूचा प्रश्न मी झटकून टाकणार नाही. इशारा फुकट नसतो. सरकारी कागदावर फुकट असेल, आपल्या घरात नसतो. होडी बंदरात राहिली की त्या दिवशी मासळी नाही, मासळी नाही तर विकणारीच्या टोपलीत काही नाही. मजुरीला गेलं नाही तर हजेरी बुडते. सुकत घातलेले बोंबील आत घेतले तर वास मारतात. इशारा देणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवलं पाहिजे, आणि बंद ठेवलेल्या दिवसांची काही भरपाई असावी ही मागणी आपण ग्रामसभेत मांडली पाहिजे.

आणि वाढवून सांगणारे आहेतच. पण ते कोण, ते ओळखूया. हवामानखात्याचं पत्रक वाचलंत तर ते अगदी रुक्ष असतं. कुठला जिल्हा, कुठला दिवस, वारा किती, पाऊस किती. आरडाओरडा त्यात नसतो. तो येतो पुढे. कुणी गुडघाभर पाण्यात उभं राहून किंचाळतं. कुणी दुसऱ्याच देशातल्या लाटा आपल्या म्हणून दाखवतं. कुणी तीन वर्षांपूर्वीचा संदेश तारीख काढून पुढे ढकलतं. यात सर्वांत वाईट काय, तर खरा इशारा येतो तेव्हा आपले कान बधिर झालेले असतात.

‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण पोरांना सांगतो. खोटं बोलू नये, एवढंच त्यातून घेतो. पण शेवटी लांडगा खरंच आला होता की! आणि मेंढरं गेली ती गावाची गेली. म्हणून प्रत्येक ओरडणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही, आणि कान बंदही करायचे नाहीत. पारखायचं.

आमच्या गटात त्या भांडणानंतर आम्ही काय ठरवलं, ते सांगते. कुठलाही इशारा आला की चार प्रश्न विचारायचे. कुणी सांगितलं? कुठल्या जिल्ह्याला? किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत? आणि कुठल्या तारखेचा? चारांतलं एकही उत्तर नसेल, तर तो संदेश पुढे पाठवायचा नाही. आधी हवामानखात्याचं ‘मौसम’ ॲप बघायचं, नाहीतर तलाठी, ग्रामसेवक, बंदरावरची माणसं यांना विचारायचं. गटातल्या दोन मुलींकडे हे काम दिलंय.

मग रंग. हिरवा म्हणजे काही करायची गरज नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता हालचाल करा. आमची चूक ही होत होती की आम्ही सगळ्या रंगांना एकच उत्तर देत होतो. एकतर सगळं बंद, नाहीतर काहीच नाही. आता रंगाप्रमाणे काम वाटून घेतलंय.

पिवळा असेल तर कामं चालू ठेवायची. फक्त मोबाइल चार्ज करायचा आणि संध्याकाळी पुन्हा बातमी बघायची. यात कुणाचा रुपयाही जात नाही.

नारिंगी असेल तर अर्ध्या तासाचं काम. कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी घट्ट बांधायची. पिण्याचं पाणी, औषधं, बॅटरी, काडेपेटी एका जागी. अंगणातले सुटे पत्रे, बादल्या, फळ्या आत, कारण वाऱ्यात त्याच माणसाला लागतात. गुरं कुठे हलवायची ते ठरवून ठेवायचं. आणि आमसुलं? ती लगेच कोंडायची नाहीत. ताटं अशा ठिकाणी आणायची की पाच मिनिटांत आत घेता येतील, आणि आकाश बघून ठरवायचं. घरातल्या आजारी माणसाला आणि दिवस गेलेल्या बाईला मात्र आधी सांगून ठेवायचं.

लाल असेल तर वाद नाही. कच्च्या घरातून निघायचं, गुरांची दावी सोडायची, वीज बंद करायची, समुद्रावर आणि झाडाखाली कुणी जायचं नाही. आणि निघताना ती पिशवी काखेत. वारा मध्येच थांबला तरी लगेच बाहेर पडायचं नाही. वादळाचा डोळा डोक्यावर असला तर शांत वाटतं, आणि मग उलट दिशेने पुन्हा वारा सुटतो.

घाटावरच्या मैत्रिणी म्हणतील, आम्हाला कुठला समुद्र! पण तुमच्याकडे वीज आहे. देशात दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं वीज पडून जातात, आणि त्यांतली बरीच शेतात काम करत असतात. पुण्याच्या संस्थेने ‘दामिनी’ नावाचं ॲप काढलंय, जवळपास वीज पडण्याचा धोका असला तर ते सांगतं. इशारा आला की खुरपं ठेवून पक्क्या घरात जायचं, झाडाखाली नाही. फार तर तासाभराची खोटी होईल.

काकूला मी बैठकीत एवढंच म्हटलं, “काकू, तुझी आमसुलं गेली ती खरंच गेली. गटाच्या पैशातून आपण सगळ्या मिळून ते नुकसान वाटून घेऊ. पण पुढच्या इशाऱ्याला कान बंद करू नकोस.” ती काही बोलली नाही. पण परवा तिच्याकडे गेले, तर दाराच्या खुंटीला एक निळी प्लॅस्टिकची पिशवी टांगलेली. आत आधार कार्ड, पासबुक, सातबारा. मी बघत्येय म्हटल्यावर म्हणाली, “टांगून ठेवायला काय पैसे पडतात?”

तेव्हा मैत्रिणींनो, आज संध्याकाळी दिवे लावण्याआधी तेवढी एक पिशवी बांधा आणि दाराशी टांगा. पावसाळा सुखाचा जावो, पिशवी उघडायची वेळ न येवो. नमस्कार.