लूप अडकलं की विचारायचं कुणाला?

आजचा प्रश्न आलाय भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्यातून. कॉलेजला जाणारा एक श्रोता विचारतो, "दादा, शेल स्क्रिप्टमध्ये फॉर लूप लिहिलं की 'डन'पाशी एरर येते. गावात विचारायला कुणी नाही, क्लास लावायचा तर जालन्याला जावं लागतं. काय करू?"

तर मित्रा, पहिली मदत तुझ्या मोबाइलमध्येच आहे. टर्मक्स ॲप उघड, किंवा कॉलेजच्या लिनक्स मशीनवर टर्मिनल. टाइप कर: हेल्प, स्पेस, फॉर. एंटर मार. बॅश स्वतःच लूपचा साचा दाखवतं. नेट लागत नाही, रिचार्ज संपला तरी चालतं. 'व्हाइल' आणि 'इफ'साठीही हेच.

आता तो साचा नीट वाच. फॉर, एक नाव, इन, शब्दांची यादी, मग सेमीकोलन, आणि त्यानंतर डू. तू एकाच ओळीत लिहिलंयस: इन आंबा पेरू केळी डू. मधला सेमीकोलन राहिलाय. त्यामुळे बॅशला 'डू' हे चौथं फळ वाटतं! पुढे 'डन' येतं तेव्हा त्याला कळतं की 'डू' आलंच नाही. म्हणून एरर दाखवते 'डन', चूक असते त्याच्या आधी. सेमीकोलन नको असेल तर 'डू' सरळ नव्या ओळीवर घे.

हे 'डन' आलं कुठून, तेही ऐका. १९७९ च्या युनिक्समध्ये स्टीफन बॉर्न यांचा शेल आला. अल्गोल ६८ या भाषेसारखं त्यांनी 'इफ' उलटं करून 'फाय' ठेवलं, 'केस' उलटं करून 'एसॅक'. त्या हिशेबाने 'डू'चं 'ओडी' व्हायला हवं होतं. पण 'ओडी' नावाची कमांड युनिक्समध्ये आधीच होती, म्हणून 'डन'.

आणखी दोन सवयी लावा. स्क्रिप्ट चालवण्याआधी बॅश, स्पेस, वजा एन, स्पेस, फाइलचं नाव. काहीही न चालवता फक्त मांडणी तपासली जाते. आणि लूपमध्ये फाइली डिलीट करायच्या असतील तर आधी 'आरएम'च्या पुढे 'इको' लावून यादी बघा. एक चुकीचं लूप घरच्यांचे सगळे फोटो उडवू शकतं, आणि 'आरएम'ला रिसायकल बिन नसतो.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर लिनक्सचे धडे मराठी आवाजात आहेत, तेही बघा.

एवढं करूनही अडलं तर माणसाला विचारा. कॉलेजातले सर, पुण्यात नोकरीला असलेली ताई, कुणीही. फक्त स्क्रीनचा तिरका फोटो पाठवू नका. पूर्ण कोड टेक्स्टमध्ये, एरर जशीच्या तशी, आणि काय व्हायला हवं होतं ते, एवढं पाठवा. मग समोरचा बसमध्ये उभा असला तरी उत्तर देऊ शकतो.

उत्तर मिळालं की वहीत मराठीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी गावातलं कुणीतरी हाच प्रश्न घेऊन येईल, आणि तेव्हा विचारायला तुम्ही असाल.

भेटू पुढच्या भागात!